लिनक्सची शिदोरी

दरवर्षी नवे वर्ग सुरू झाले, की खानापूर तालुक्यातून किंवा चंदगडकडून येणारा एखादा विद्यार्थी प्रयोगशाळेत मला हमखास एक प्रश्न विचारतो. "सर, लिनक्स चांगले आहे, फुकट आहे, हे सगळे खरे. पण आमच्या घरच्या संगणकाला नेट नाही. मग ते बसवून उपयोग काय?" प्रश्न रास्त आहे. लिनक्सवरील जवळजवळ प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिका 'आता ही आज्ञा द्या, बाकीचे आपोआप उतरून येईल' या वाक्याने सुरू होते. ज्याच्याकडे काहीच उतरून येत नाही त्याचे काय, याविषयी ती मौन पाळते.

माझे उत्तर असे असते, की एकदा उतरवून घेतलेले सॉफ्टवेअर ही शेवटी एक साधी फाइल असते. ती पेन ड्राइव्हवर घालून कोठेही नेता येते, आणि दहा यंत्रांवर दहा वेळा वापरता येते. तसे करण्यात चोरी नाही, कारण या सॉफ्टवेअरचा परवानाच वाटून घेण्याची मुभा देतो. अडचण असते ती वेगळीच, आणि ती नीट समजून घेतली तर काम सोपे होते. हा लेख त्या अडचणीविषयी आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. फोनचे नेट संगणकाला देता येते. मग ही पेन ड्राइव्हची यातायात कशाला? एका यंत्रापुरते हे ठीक आहे. पण जांबोटीच्या पुढे घाटमाथ्याच्या बाजूला एक माध्यमिक शाळा आहे, तेथे आम्ही काही जण अधूनमधून जातो. तेथे वीस यंत्रे आहेत. समजा, प्रत्येक यंत्राला अर्धा जीबी सुधारणा हव्या आहेत. वीस यंत्रांचे दहा जीबी झाले. फोनवर दिवसाला दोन जीबी मिळत असतील, तर त्या शाळेतील शिक्षकाने पाच दिवस स्वतःचा फोन संगणकाला बांधून बसावे लागेल, आणि तेही टॉवरची प्रकृती ठीक असेल तर! त्या भागात पावसाळ्याचे चार महिने ती ठीक नसते. शिवाय हिशेबातील खरा दोष असा, की त्या दहा जीबीतील बहुतेक माल एकच आहे. तोच अर्धा जीबी वीस वेळा मागवायचा, म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी तोच धडा वेगळ्या बसने मागवण्यासारखे आहे.

आणि बसला आपण उगीच कमी लेखतो. बेळगावहून खानापूरला बस साधारण तासाभरात पोहोचते. प्रवाशाच्या खिशात ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह असेल, तर त्या तासात ३२ गुणिले ८, म्हणजे २५६ गिगाबिट माहिती खानापुरात पोहोचली. ३६०० सेकंदांनी भागा. सेकंदाला सुमारे ७१ मेगाबिट झाले. आमच्या महाविद्यालयातही दुपारच्या वेळी एवढा वेग क्वचितच मिळतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जे यंत्र नेटला जोडलेलेच नाही, त्याला सुधारणा हव्यात कशाला? चोर ज्या रस्त्याने यायचा तो रस्ताच नाही, मग दाराला नवे कुलूप कशासाठी? याचे उत्तर असे, की दुसरा रस्ता आहे आणि तो आपल्याच खिशात आहे. २०१० मध्ये 'स्टक्सनेट' नावाचा विषाणू उघडकीस आला. इराणमधील नतान्झ येथील युरेनियमच्या केंद्रातील यंत्रसामग्री हे त्याचे लक्ष्य मानले जाते, आणि पेन ड्राइव्हवरून पसरण्याची सोय त्यात मुद्दाम केलेली होती. तो विंडोजवरचा विषाणू होता, हे खरे. पण धडा सर्वांनाच लागू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'वेबपी' या प्रकारची चित्रे उघडणाऱ्या एका सर्वसाधारण लायब्ररीत गंभीर दोष सापडला. ती लायब्ररी लिनक्सवरही वापरली जाते, आणि मुद्दाम बिघडवलेले चित्र नुसते उघडणे हेच धोक्याचे होते. ते चित्र नेटवरून आले की पेन ड्राइव्हवरून, याची त्या दोषाला काय पर्वा? शाळेत तर शिक्षकांचे, मुलांचे, झेरॉक्सच्या दुकानातले असे सगळेच पेन ड्राइव्ह फिरतात.

सध्या या प्रश्नाला आणखी एक धार आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुधारणा-सेवा बंद झाली. विंडोज ११ चालण्याइतकी नवी नसलेली असंख्य धडधाकट यंत्रे कचेऱ्यांतून अडगळीत गेली किंवा शाळांना दान मिळाली. वर सांगितलेल्या शाळेतील वीस यंत्रे अशीच आली आहेत. त्यांवर लिनक्स उत्तम चालते. पण एकदा बसवून नंतर तीन वर्षे हात लावला नाही, तर तेही शिळे होते. मग एखादी फाइल उघडत नाही, एखादे अक्षर चौकोनासारखे दिसते, आणि 'हे संगणक बाद झाले' असे म्हणून खोलीला कुलूप लागते. यंत्र बिघडलेले नसते, त्याला फक्त रसद मिळालेली नसते.

आता मूळ विषयाकडे वळू. मी येथे डेबियन व तिच्या कुळातील लिनक्सविषयी बोलतो. डेबियनची स्थापना ऑगस्ट १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी केली. उबुंटू, लिनक्स मिंट आणि आपल्या सी-डॅकने तयार केलेले 'बॉस' ही सगळी याच घराण्यातली. या कुळात सॉफ्टवेअर 'पॅकेज' या रूपात येते. पॅकेज म्हणजे एक गाठोडे. ते सोडले तर आत तीन वस्तू निघतात. पहिली, गाठोड्याच्या बांधणीची पद्धत सांगणारी अगदी लहान फाइल. दुसरी, त्या पॅकेजची कुंडली : नाव, आवृत्ती, कोणत्या जातीच्या यंत्रासाठी, आणि मुख्य म्हणजे चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात ती माहिती. तिसरी, प्रत्यक्ष माल.

'आणखी कोणती पॅकेजे लागतात' हा भाग नवख्याला फार छळतो. विंडोजवर पुष्कळदा प्रत्येक प्रोग्राम आपले सामानसुमान बरोबर घेऊन येतो. लिनक्सची रीत एकत्र कुटुंबाची आहे. घरात पाटा-वरवंटा एकच. चटणी वाटायची असो की पुरण, तोच वापरायचा. त्यामुळे जागा वाचते, आणि दोष सापडला तर एकाच ठिकाणी दुरुस्त करून भागते. पण याचा अर्थ असा, की तुम्ही नुसते चटणीचे साहित्य घेऊन गेलात आणि त्या घरात पाटाच नसला, तर काम अडले. पेन ड्राइव्हवर एखादे पॅकेज नेऊन ते बसत नाही म्हणून परत येणाऱ्यांची बहुधा हीच कथा असते.

डेबियनमध्ये दोन कारभारी आहेत. 'डीपीकेजी' हा हमाल : दिलेले गाठोडे सोडतो आणि माल जागच्या जागी लावतो. गाठोडे आणणे हे त्याचे काम नाही. 'एपीटी' हा मुनीम : काय हवे, त्यासाठी आणखी काय लागेल, ते कोणत्या भांडारात आहे, याचा हिशेब करतो, माल मागवतो आणि हमालाच्या हवाली करतो. (आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टंकायच्या असतात, छपाईच्या सोयीसाठी मी येथे उच्चार देत आहे.)

मुनीम जी गाठोडी मागवतो, ती आधी यंत्रातील एका ठरलेल्या फोल्डरमध्ये उतरतात. 'व्हार' या फोल्डरात 'कॅश', त्यात 'एपीटी', त्यात 'आर्काइव्ह्ज' असा पत्ता आहे. हीच आपली शिदोरी. बसवून झाल्यावरही ही गाठोडी तेथे शिल्लक राहू शकतात. राहतातच असे मात्र नाही. पूर्वीची 'एपीटी-गेट' ही आज्ञा ती ठेवून देते. पण २०१६ पासून, बसवणे यशस्वी झाले की गाठोडे टाकून द्यायचे, अशी नुसत्या 'एपीटी' या आज्ञेची मूळ रीत झाली आहे. डिस्कवरील जागा वाचवण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. आपल्यासारख्यांना मात्र तो परवडणारा नीटनेटकेपणा नाही. म्हणून ज्या यंत्रावरून इतरांना माल न्यायचा, तेथे एक तर 'एपीटी-गेट' वापरावे किंवा उतरवलेली पॅकेजे राखून ठेवण्याची सूचना एपीटीच्या मांडणीत लिहून ठेवावी. सफाईच्याही दोन आज्ञा आहेत. 'क्लीन' सगळेच झाडून काढते. 'ऑटोक्लीन' फक्त भांडारात आता न मिळणाऱ्या जुन्या आवृत्त्या काढते. आमच्याकडे दुसरीच वापरतात.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे या फोल्डरातील गाठोडी पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या यंत्राच्या त्याच फोल्डरात ठेवणे. दोन्ही यंत्रे जुळ्या भावंडांसारखी असतील, तर हे छान चालते. जुळी म्हणजे काय? लिनक्सचा प्रकार एक, त्याची आवृत्ती एक, आणि प्रोसेसरची जात एक. डेबियन १२ चा माल डेबियन १३ वर चालवू नये. ६४ बिटांच्या यंत्राचा माल ३२ बिटांच्या यंत्रावर चालत नाही, आणि रास्पबेरी पायसाठीचा माल तर दोहोंवरही चालत नाही. गाठोड्याच्या नावातच ही जात लिहिलेली असते. तेवढे वाचण्याची सवय ठेवली तर बरेच हेलपाटे वाचतात.

पण जुळी यंत्रे असूनही पुष्कळांचा अनुभव असा, की गाठोडी नेऊन ठेवली, सुधारणेची आज्ञा दिली, आणि यंत्र शांतपणे म्हणाले : 'सुधारण्यासारखे काही नाही'. येथेच ती खरी अडचण आहे. मुनीम गाठोड्यांकडे पाहून हिशेब करीत नाही. तो यादीकडे पाहून करतो. भांडारात कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आहे याच्या याद्या 'व्हार'मधल्याच 'लिब', 'एपीटी', 'लिस्ट्स' या फोल्डरात असतात. नेटवरील यंत्र 'अपडेट' या आज्ञेने या याद्या ताज्या करते. अपडेट म्हणजे सुधारणा बसवणे, असा एक गैरसमज सर्वत्र आहे. येथे तरी अपडेट म्हणजे फक्त यादी नवी आणणे, आणि 'अपग्रेड' म्हणजे त्या यादीप्रमाणे माल भरणे. नेट नसलेल्या यंत्राकडची यादी ते बसवले त्या दिवसाची असते. त्या यादीप्रमाणे त्याच्याकडे सर्व काही अद्ययावतच आहे! शेजारच्या फोल्डरात नव्या मालाचा ढीग लागला असला, तरी त्याला त्याचे नावही ठाऊक नसते. तेव्हा माल न्यायचा तर यादीही न्यायची. याद्या दोन्ही यंत्रांवर एकाच भांडाराच्या असल्या पाहिजेत, कारण यादीच्या फाइलचे नाव भांडाराच्या पत्त्यावरूनच तयार होते.

येथे विश्वासाचा प्रश्न उभा राहतो, आणि मला वाटते हाच या विषयाचा सर्वांत सुंदर भाग आहे. पेन ड्राइव्हवरून आलेले सॉफ्टवेअर खरे कशावरून? वाटेत कोणी बदलले नसेल कशावरून?

विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका आपल्याकडे कशा येतात ते आठवा. गठ्ठा कोणत्या गाडीतून आला, गाडी कोणी चालवली, हे परीक्षा केंद्रावर कोणी फारसे विचारीत नाही. विचारतात ते हे, की मोहोर शाबूत आहे ना? डेबियनची व्यवस्था तशीच आहे. प्रत्येक पॅकेजचा एक गणिती ठसा काढतात. ही ६४ चिन्हांची एक रांग असते, आणि गाठोड्यातील एक बिट बदलला तरी ती पार बदलते. हे सगळे ठसे यादीत लिहिलेले असतात. मग त्या यादीचाही ठसा काढून तो 'रिलीज' नावाच्या एका लहान फाइलीत लिहितात, आणि त्या फाइलीवर डेबियनची डिजिटल सही असते. सही पडताळण्याची किल्ली यंत्रात लिनक्स बसवतानाच आलेली असते. म्हणजे सहीवरून रिलीज खरी, रिलीजवरून यादी खरी, यादीवरून गाठोडे खरे. २००७ मध्ये आलेल्या डेबियन ४.० पासून ही साखळी एपीटीमध्ये रुजू आहे. तिच्यामुळे माल तारेतून आला, बसने आला की सायकलवरून आला, याला महत्त्व उरत नाही. ज्या पेन ड्राइव्हला आपण संशयाने पाहतो, त्यावरूनही निर्धास्त माल नेता येतो.

मात्र मोहोर कोणी तरी पाहिली पाहिजे. एपीटी ती पाहते 'अपडेट'च्या वेळी, म्हणजे यादी दारातून आत येताना. याद्या आणि गाठोडी आपण हाताने आतल्या फोल्डरात नेऊन ठेवली, तर त्यांची तितकी कडक झडती होत नाही; घरातलेच माणूस म्हणून त्यांना आत घेतले जाते. आणि थेट हमालाला सांगून गाठोडे बसवले, तर तो मोहोर मुळीच पाहत नाही, तसे करायला त्याला शिकवलेलेच नाही. म्हणून माझे मत असे, की आपल्याच प्रयोगशाळेत एका यंत्रावरून दुसऱ्यावर माल न्यायचा असेल तर हाताने ठेवायला हरकत नाही. बाहेरगावी, दुसऱ्याच्या हाती पाठवायचा असेल, तर फोल्डरची रचना मूळ भांडारासारखीच करावी, त्यात सहीची फाइल आणि याद्या ठेवाव्यात, आणि दूरच्या यंत्राला तो फोल्डरच भांडार म्हणून दाखवावा. मग तेथे 'अपडेट' दिले, की साखळीतील एकूण एक कडी तपासली जाते. काही मार्गदर्शकांत 'या भांडारावर विश्वास ठेव' असे लिहून तपासणीच बंद करण्याची युक्ती दिलेली असते. ती युक्ती वापरणे म्हणजे गठ्ठ्याची मोहोर रस्त्यातच फोडून ठेवणे.

अर्थात, मोहोर गठ्ठा कोणी पाठवला एवढेच सांगते. प्रश्न बरोबर आहेत की चुकीचे, हे सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात चोरदरवाजा घुसवल्याचे आढळले. ती भेसळ मूळ निर्मितीतच झाली होती, म्हणून डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांत ती रीतसर सहीसह पोहोचली. स्थिर आवृत्तीत ती आली नव्हती. ती सापडली कशी? अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, आणि ते त्याला स्वस्थ बसू देईना! दूरच्या शाळांसाठी मी नेहमी स्थिर आवृत्तीच घेतो, त्याचे हेही एक कारण आहे.

आता प्रत्यक्ष न्यायचे काय, हे कसे ठरवावे? आपल्या यंत्रावरचा सगळा ढीग उचलून न्यावा, ही पहिली कल्पना असते. पण आपल्या यंत्रावर जे आहे ते तेथे असेलच असे नाही, आणि तेथे जे हवे ते आपल्याकडे उतरलेले असेलच असेही नाही. किराणा आणायचा तर आधी घरच्या डब्यांत काय आहे ते पाहावे लागते. यासाठी 'एपीटी-ऑफलाइन' नावाचे एक साधन आहे. ते रितेश राज सर्राफ या डेबियनच्या कार्यकर्त्याने तयार केले. नेट नसलेल्या यंत्रावर ते चालवले, की काय काय हवे याची एक चिठ्ठी तयार होते. ती चिठ्ठी नेट असलेल्या यंत्रावर न्यायची. ते यंत्र कोणाचेही असो, त्यावर विंडोज असले तरी चालते. तेथे चिठ्ठीप्रमाणे माल उतरतो आणि त्याचे एक गाठोडे होते. ते परत आणून बसवायचे. त्या वेळी यादीवरची सही पडताळूनच ती आत घेतली जाते. उतरवताना 'आमच्याकडचा जुना साठा आधी पाहा' असेही त्याला सांगता येते, म्हणजे एका शाळेसाठी आणलेला माल दुसऱ्या शाळेसाठी पुन्हा मागवावा लागत नाही.

यात एक मेख आहे. चिठ्ठी लिहिणारे यंत्र ती जुन्या यादीवरून लिहिते. तेव्हा पहिल्या फेरीत नवी यादी, आणि ती मिळाल्यावर दुसऱ्या फेरीत माल, अशा दोन फेऱ्या होतात. जांबोटीच्या रस्त्याने पावसात दोनदा जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

हे टाळायचा एक उपाय आहे, आणि आम्ही तोच पत्करला. प्रत्येक यंत्रात 'स्टेटस' नावाची एक फाइल असते. ती हमालाची वही. कोणते पॅकेज, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या अवस्थेत बसलेले आहे, हे सगळे तिच्यात असते. ती 'व्हार', 'लिब', 'डीपीकेजी' या पत्त्यावर सापडते आणि आकाराने अगदीच लहान असते. शाळेतील यंत्राची ही वही एकदा पेन ड्राइव्हवर घेतली, की महाविद्यालयातील त्याच आवृत्तीच्या व त्याच जातीच्या यंत्रावर एपीटीला सांगता येते : स्वतःची वही बाजूला ठेव, ही वही पाहून हिशेब कर. एपीटी तसा करते आणि शाळेच्या यंत्राला नेमके जे हवे तेवढेच उतरवते. यादी आपल्याकडे ताजी, वही त्यांची. एका फेरीत काम होते. शाळेतील वीस यंत्रे एकसारखी बसवलेली असतील तर वीस वह्याही लागत नाहीत, एक पुरते. म्हणून बसवतानाच ती एकसारखी बसवावीत. एकाने आपल्या आवडीचा खेळ एकाच यंत्रावर घातला, की त्याची वही वेगळी झाली!

शाळेत यंत्रे एकमेकांना तारेने जोडलेली असतील तर आणखी सोपे. एकाच यंत्रात भांडाराचा फोल्डर ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून माल घ्यायचा. आमच्या महाविद्यालयातही एका जुन्या यंत्रावर 'एपीटी-कॅशर-एनजी' चालते. पहिल्या यंत्राने मागितलेले पॅकेज ते बाहेरून आणते आणि ठेवून घेते, पुढच्या चाळीस जणांना आपल्याजवळचेच देते. दूरच्या शाळेसाठी शिदोरी भरण्याचे कोठारही तेच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फेडोरासारख्या दुसऱ्या घराण्यात पॅकेजांचे रूप वेगळे आणि मुनीमाचे नाव 'डीएनएफ'. तोही सांगितल्यास उतरवलेला माल राखतो. उबुंटूवर मात्र सावध राहावे. २०२२ च्या २२.०४ या आवृत्तीपासून तेथील फायरफॉक्स 'स्नॅप' नावाच्या वेगळ्या रूपात येतो, त्यामुळे आपल्या शिदोरीच्या फोल्डरात तो कितीही शोधला तरी सापडत नाही. स्नॅप वेगळा उतरवून, त्याच्याबरोबर मिळणाऱ्या दाखल्याच्या फाइलीसह न्यावा लागतो. या एका कारणासाठी मी शाळांना डेबियन सुचवतो. कोणे एके काळी उबुंटूच्या सीडी मागणी करताच टपालाने घरपोच फुकट येत. ती सोय २०११ मध्ये थांबली.

जुन्या यंत्रांची दोन दुखणी प्रत्यक्ष गेल्यावरच कळतात. पहिले घड्याळाचे. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला, की यंत्र सुरू करताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग आपण नेलेली सही त्या यंत्राला भविष्यकाळातली वाटते, आणि ते ती नाकारते. बिचाऱ्याचे चुकत नाही! आधी तारीख लावावी, मग पुढचे काम. दुसरे विजेचे. बसवणे अर्ध्यावर असताना वीज गेली, तर घाबरून सगळे पुन्हा बसवायला घेऊ नये. हमालाच्या वहीत कोणते गाठोडे अर्धवट सोडलेले आहे याची नोंद असते. 'डीपीकेजी'ला राहिलेली सर्व पॅकेजे जुळवून घेण्याची आज्ञा दिली, की बहुतेक वेळा तो जेथे थांबला होता तेथून काम पुढे सुरू करतो.

गेल्या खेपेला त्या शाळेच्या शिक्षकांनी सुधारणांबरोबर आणखी एक मागणी केली होती. शाळेत मराठी व कन्नड दोन्ही माध्यमांचे वर्ग आहेत, आणि कन्नडमधील फाइली काही यंत्रांवर चौकोन-चौकोन दिसत होत्या. 'लोहित' या टंकसंचाची देवनागरी आणि कन्नड अशी दोन वेगवेगळी पॅकेजे आहेत. (लोहित म्हणजे तांबडा, हा टंकसंच रेड हॅट या कंपनीने खुला केला, हे कळल्यावर नावाचे इंगित उमगते.) कन्नडचे पॅकेज इतके लहान, की फोनवरचे एक छायाचित्रही त्याहून मोठे भरावे. वही पाहून आम्ही ते शिदोरीत घातले, आणि या वेळी वीसही यंत्रांवर बसवले.

परत निघताना शाळेतील एका यंत्राची ताजी 'स्टेटस' फाइल त्याच पेन ड्राइव्हवर घेऊन यायची असते. पुढच्या खेपेचा हिशेब तिच्यावरूनच होतो. ज्यांच्या गावी असे यंत्र आहे, त्यांनी सुट्टीहून येताना ती फाइल, लिनक्सच्या आवृत्तीचे नाव आणि यंत्र ३२ बिटांचे की ६४ बिटांचे एवढे टिपून आणावे. माल भरून द्यायला आमच्या प्रयोगशाळेत अर्धा तास पुरतो.